एक्याण्णव मूळ नाही

गुरुवार, १२ जुलै

आज सहावीच्या तासाला मुख्याध्यापक आले आणि त्यांनी मूळ संख्यांच्या यादीत खुशाल एक्याण्णव लिहिली. कुंदा लगेच उठली. "सर, ही मूळ नाही. तेरा साते एक्याण्णव."

"असं? काय हो बाई, मूळच ना ही?"

मला कायम करण्याच्या कागदावर त्यांची सही व्हायचीय. मी म्हणाले, "हो सर, मूळच."

कुंदाने वहीतला गुणाकार खोडून टाकला. बरोबर होता तो, आणि माझ्या शब्दावर खोडला! एक्याण्णव. एवढीशी संख्या, आणि माझी जीभ उचलली नाही?

शाळा सुटल्यावर ती फाटकाशी थांबली होती. "बाई, मग तेराचा पाढा पुन्हा पाठ करू का?"

मी "उद्या बघू" म्हणाले. उद्या काय डोंबल बघणार आहे मी?