पिक्चरला जाहिराती नसतात

वाटूर, ता. परतूर
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्या भावाचा, म्हणजे बद्रीनाथचा, साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक. तुम्हीही भोकरदनला ठीकच असणार, कारण तब्येत बरी नसलेली माणसं जालन्याला जाऊन पिक्चर बघत नाहीत. (त्याचं पुढे येईल. आधी रीतीप्रमाणे विचारपूस उरकतो.) तुझे गुडघे कसे आहेत? थेटरच्या पायऱ्या चढलीस म्हणजे बरेच असतील. दाजींना माझा नमस्कार सांग. आमच्या प्रियदर्शनीच्या लग्नातल्या फेट्याचं त्यांनी मनातून काढलं असेल, तर दोनदा सांग.

खिशात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. त्या पिक्चरला आज अकरावा दिवस आहे, तू फोन केलेला नाहीस आणि मीही करणार नाही. शिवाय फोन तू मध्येच कट करतेस, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पत्र कट करता येत नाही. (फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस.)

मुद्दा असा, की आपण शपथ घेतली होती. ‘दोन घरची वैजू’ ही आपली मालिका आठ महिन्यांपूर्वी त्यांनी बंद केली, आणि बंद कशी केली? वैजूचा भाऊ दिगंबर सहा वर्षांच्या अबोल्यानंतर तिच्या फाटकापर्यंत आला, त्याच्या तोंडावर तीनदा कॅमेरा गेला, ढोल वाजला आणि खाली पाटी आली की उरलेलं मोठ्या पडद्यावर बघा. म्हणजे आम्ही इतकी वर्षं रोज साडेसातला जेवणं पुढे ढकलून बसायचं आणि शेवट बघायला तिकीट काढायचं! मी एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी केली, पण प्रवाशाला गावाच्या वेशीवर उतरवून, आत जायचं तर वेगळं तिकीट घ्या, असं कधी म्हणालो नाही. त्यात वैजूची सासूही बदलली. पोस्टरवर भलतीच बाई. आपली सासू नुसती भुवई वर करायची तर इथे तुझ्या भावजयीच्या, सत्यशीलेच्या हातातला चमचा थांबायचा. तेव्हा फोनवर तूच म्हणालीस, “बद्री, हा पिक्चर आपन बिलकुल बघायचा न्हाई. शपथ घे.” मी घेतली. तूही घेतलीस.

आता तू विचारशील की मग तू थेटरात कसा. मी तपासणीला गेलो होतो. बहिष्कार घातलेली वस्तू खरोखर बहिष्कार घालण्याच्या लायकीची आहे का, हे कुणीतरी जबाबदार माणसानं पाहायला हवं. गावात मतभेद वाढले होते. दुकानदार नवलकिशोर शेठचं म्हणणं असं, की मालिका म्हणजे किरकोळ विक्री आणि पिक्चर म्हणजे ठोक. माल तोच, वेळ वाचतो. मी त्यांना म्हणालो, शेठ, वेळ वाचवून संध्याकाळी साडेसातला करायचं काय? त्यावर त्यांनी जीप काढली. आम्ही नऊ जण गेलो.

सुरुवात दारातच झाली. सत्यशीलेनं तुरीच्या शेंगांची पिशवी सोबत घेतलेली. तुला माहीतच आहे, वैजूचा एकही भाग तिनं रिकाम्या हातानं पाहिलेला नाही. शेंगा, लसूण, मेथी, काही ना काही मांडीवर असायचंच. दारावरच्या माणसानं पिशवी काढून घेतली. ती म्हणाली, “शेंगा सोलल्या न्हाईत तर मंग हातांचं काय करू?” त्यावर तो मक्याच्या लाह्यांकडे बोट दाखवून हसला. मी पिशवीची पावती मागितली. पावती नाही म्हणाला. एवढं मोठं थेटर आणि पावतीपुस्तक नाही!

पिक्चरबद्दल काय लिहू? आधी वैजूच मला ओळखू येईना. आपल्याकडे ती दीड वितीची होती, कपाटावर, गणपतीच्या फोटोशेजारी. घरातल्या पोरीसारखी. इथे तिची नथच परातीएवढी. टीव्हीत ती आपल्या घरी यायची, आपण डाळ फोडणीला टाकून तिच्याशी बोलायचो, तिचं चुकलं तर तिला रागवायचो. इथे आपण तिकीट काढून तिच्याकडे गेलेले, तेव्हा गप्प बसायचं. सत्यशीलेनं सवयीनं “अगं त्या जावेला किल्ली देऊ नको” म्हणून सांगितलं तर पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. आणि घाई तर काय विचारू नकोस! ज्या किल्लीवर आपण अख्खा श्रावण काढला, ती इथे दोन मिनिटांत सापडली. वैजूला दिवस गेले आणि गाणं संपेपर्यंत पोरगं शाळेला निघालं. मालिकेत चहा उकळायला सोमवार ते बुधवार लागायचे. त्यात माणसाला विचार करायला फुरसत मिळायची, कुणाचं बराबर, कुणाचं चूक. इथे मत बनवेपर्यंत भांडण मिटतं. परदेशातही नेऊन आणली तिला, कशासाठी ते कळलं नाही. बर्फात ती नऊवारी नेसून नाचत होती आणि मला तिच्या पायांची काळजी लागली.

पण सगळ्यात मोठा गुन्हा वेगळाच आहे. पिक्चरला जाहिराती नसतात.

आक्का, फेट्यावरून तुम्ही रुसून मांडवातून न जेवता गेलात, त्यानंतर दोन वर्षं आपलं बोलणं नव्हतं. (फेटे अकरा आणले होते, बारावा माणूस दाजी निघाले. मोजण्यात चूक माझीच. तिकिटं मोजणाऱ्या माणसाची.) मग त्या संध्याकाळी तुमच्याकडे लाईट गेली आणि मला फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही. “बद्री, सासूनं वैजूला घरात घेतलं का?” मी म्हणालो, “न्हाई अजून, उंबऱ्यात उभी हाय. जाहिरात लागली.” त्या जाहिरातीत आपण बोललो. साबण, तेल, सिमेंट, पुन्हा साबण. दुसऱ्या दिवशी लाईट असूनही तू फोन केलास. मग चार वर्षं तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी, आणि जाहिरात लागली की फोन. वैजूचं दोन वाक्यांत उरकायचं, मग गुडघे, पाऊस, नातवंडं. मालिका बंद झाल्यावर आपण आठ-पंधरा दिवस प्रयत्न केला. “काय करून राह्यला?” “काही न्हाई.” “मंग ठेवू का?” असं किती दिवस चालणार? बोलायला कारण लागतं गं.

तर त्या थेटरात, वैजूचा भाऊ फाटक उघडून आत आला. पायरी चढला. दाराला हात लावला. टीव्ही असता तर इथे जाहिरात लागली असती, शंभर टक्के. माझा हात आपोआप खिशात गेला आणि मी तुला फोन लावला. विचार करून नाही, सवयीनं. आणि तीन रांगा पुढे वैजूचं शीर्षकगीत वाजायला लागलं! आधी वाटलं पिक्चरमधलंच. मग अंधारात एक पिशवी हलली, उजेड पडला, आणि त्या उजेडात तू. शेजारी तुझी सून मीना, तिच्या हातात लाह्या. तू फोनवरचं माझं नाव पाहिलंस आणि कट केलास.

मला संताप का येऊ नये? शपथ घ्यायला लावणारी तू. भोकरदनहून एवढं लांब यायचं, अर्धी वाट भावाच्या गावाकडे चालून यायचं, आणि भावाला कळवायचंही नाही? मी कळवलं नाही, कारण तपासणी आधी कळवून करत नाहीत. तुझं काय कारण होतं? शेजारी बसलो असतो. जाहिराती नसत्या तरी मी हळू आवाजात बोललो असतो.

पिक्चरचा शेवट तर इतका भंगार आहे, की त्याबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. मालिकेचे पिक्चर कधीही चालायचे नाहीत, हे माझं तपासणीअंतीचं मत आहे आणि ते तू दाजींना, मीनाला, सगळ्यांना सांग.

तुझा (अजून तरी) भाऊ,
बद्रीनाथ

ता.क. दाजींसाठी फेटा घेऊन ठेवला आहे, केशरी. चार वर्षांपूर्वीच घेतला होता. पोस्टानं पाठवायची वस्तू नाही ती.

ता.क. २. एक गोष्ट वर लिहायची राहिली. तू फोन कट केलास तेव्हा डोळ्याला पदर लावला होतास. वैजूचा भाऊ दारात होता म्हणून, का माझा फोन आला म्हणून, हे मला कळलेलं नाही आणि अकरा दिवस मी दुसरा विचार केलेला नाही.

ता.क. ३. खरं सांगायचं तर शेवट मी पाहिलाच नाही. फोन वाजल्यावर दारावरचा तो माणूस बॅटरी घेऊन माझ्याच अंगावर आला, आणि तू मागे वळून बघशील या भीतीनं मी आपणहून बाहेर निघालो. जाताना पिशवी परत मागितली आणि पिक्चर सुटेपर्यंत जीपमध्ये बसून सगळ्या शेंगा सोलल्या. बायका बाहेर आल्या त्या रडत आल्या. काय झालं विचारलं तर सत्यशीला सांगत नाही. शेठलाही तिनं तंबी दिली आहे. म्हणते, “आक्काला इचारा. मी न्हाई सांगत जा.”

तर सोमवारी साडेसातला मी फोन लावतो. कट करू नकोस. एवढंच सांग, वैजूनं भावाला घरात घेतलं का?