तिसरीचं नाव साबिरा

शुक्रवार संध्याकाळ, रियाध

गावाकडं, बिडकीनला, मला तिसरी पोरगी झाली. मला फराह नाव पाहिजे होतं, फराह म्हणजे खुशी. फोनवर अम्मी हसत म्हणली, "साबिरा ठेवलंय. पोरीमागं पोरी! हिच्या आईला सबर नको का शिकायला?" मी नुसतं "बरं" म्हणलो. का म्हणलो? अम्मीचं ते हसणं अजून कानात हाय.

मग माझ्या बायकोनं, शबानानं, फोन घेतला. "दोन वर्षांनी येता, पोरगी देऊन जाता, अन् सोसायचं मी. आता येऊच नका."

खोलीतला सुदानी म्हणतो, साबिरा आमच्या अरबीतलं नेक नाव, सोसणारी. मुबारक म्हणत त्यानं गळामिठी मारली.

ईदची सुट्टी मंजूर झाली, तेच सांगायला फोन केला होता. सांगितलंच नाय.