आईची वीणा आणि तुमची करवत

अप्पा, काल एका लग्नात तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला. तोही आता म्हातारा झालाय, काठी टेकत चालतो. जेवताना माझ्या शेजारी बसून त्याने तुमचंच कौतुक लावलं. सरांच्या घरात काही म्हणजे काही वाया जात नव्हतं, सर सगळं स्वतःच्या हाताने करायचे, आम्ही आमच्या सुनांना अजून तुमच्या घराचं उदाहरण देतो. मी पायसम तसंच पानात टाकून उठले. तुम्ही असतात तर त्यावरून बोलला असतात. हो, टाकलं. मुद्दाम टाकलं.

तो खोटं बोलत नव्हता, याचाच जास्त राग आला. गणिताच्या मास्तराच्या पगारात आपण तंजावुरात खरंच नीट राहिलो. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून तुम्ही भोवती लाकडाचा भुसा ठेचून भरायचात, मग श्वास रोखून ती बाटली वर ओढून काढायचात, आणि त्या भोकात खालून जाळ दिला की आईचा सकाळचा सगळा स्वयंपाक व्हायचा. भुसा गिरणीतून फुकट, सायकलला पोतं बांधून आणलेला. वाळू आणि कोळसा घालून एकावर एक रचलेली तीन मडकी, त्यातून ठिबकणारं गार पाणी. खुर्च्यांचा वेत तुम्हीच विणायचात. तुमच्या जुन्या धोतरांची दुपटी व्हायची, दुपट्यांची फडकी व्हायची, फडकी विरली की त्यांच्या वाती. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि आईला म्हणायच्या, तू नशीबवान. आई हसायची. तोवर ते हसणं खरं होतं, हे मला मान्य आहे.

मग त्या वर्षीचा चैत्र. इतकी उष्णता की आईच्या वीणेचं मेण मऊ झालं. फणसाच्या एकाच लाकडातून कोरलेली ती वीणा तिच्या वडलांनी लग्नात दिली होती. मेण आणि कोळशाच्या पुडीच्या थरात रोवलेले चोवीस पितळी पडदे जागचे हलले. वीणा करणारे आसारी आपल्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे बसायचे. त्यांचं काम सगळं कानावर. एकेक पडदा वाजवून, ऐकून, मग बसवायचा. आईने एवढंच विचारलं, की वीणा त्यांच्याकडे पाठवता का. तुम्ही म्हणालात, त्यात काय आहे, मी करतो.

रस्त्याचं काम चाललं होतं तिथून तुम्ही डांबराचा गोळा आणलात. त्यात मेणबत्त्या वितळवल्यात. जुना थर खरवडून काढलात आणि शाळेची पट्टी घेऊन पडदे मांडलेत, कागदावर आकडेमोड करून. दोन रविवार गेले. दिसायला काम इतकं सुबक की कोणीही फसावं. आईने हात धुतले, मांडी घालून बसली, तारा लावल्या. अगदी पहिल्या धड्याचे सूर वाजवायला घेतले आणि तिसऱ्यावर थांबली. पुन्हा तारा पिळल्या, पुन्हा थांबली.

"हा गांधार नाही हो," ती म्हणाली.

फरक असलाच तर केसाएवढा असेल, असं तुम्ही म्हणालात. कानाला सवय होईल, असंही म्हणालात.

"तीच भीती वाटते," आई म्हणाली. "सवय झाली तर मला चुकलेलंच बरोबर वाटायला लागेल." मग तिने वीणेवर कापड घातलं.

अप्पा, त्या वेळीसुद्धा आसारींकडे जाता आलं असतं. पण तुमचं काम दुसऱ्याने उखडून पुन्हा करायचं, हे तुम्हाला सोसलं नसतं. ती काटकसर नव्हती. तो गर्व होता. तुम्ही त्याला काटकसर म्हणालात आणि अख्ख्या गावाने मान डोलावली.

वीणा दोन वर्षं कोपऱ्यात राहिली. मग मावशीच्या बाळंतपणाला आई पापनाशमला गेली, आणि तुम्ही करवत काढलीत. दांडीची कपडे अडकवायला खुंट्यांची पट्टी करून भिंतीवर ठोकलीत. खालच्या लाकडी भोपळ्याला झाकण बसवून चिंच ठेवायचं भांडं केलंत. फणसाच्या लाकडाला कीड लागत नाही, हे येईल त्याला सांगत होतात. महिन्याने आई परतली. हातातली पिशवी खाली न ठेवता ती त्या भिंतीकडे बघत उभी राहिली. तुम्ही झाकण उघडून दाखवलंत. ती आत गेली आणि तिने भात टाकला. दुसऱ्या दिवशी एकटी बाजारात जाऊन ती चिनी मातीची बरणी घेऊन आली. तुम्हाला न विचारता घरात आणलेली तिची ती पहिली वस्तू. घरात भांडं असताना बरणी कशाला, असं तुम्ही विचारलंत.

"ते भांडं नाही," आई म्हणाली.

त्यानंतर तुम्ही दोघं वीस वर्षं एका छपराखाली राहिलात. तिने तुमचं सगळं केलं, तुमच्या आजारपणातही. पण त्या खुंट्यांवर तिने स्वतःचं एक लुगडंसुद्धा कधी अडकवलं नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल तर तुम्ही एक शब्द का बोलला नाहीत? हे मला तुम्हाला विचारायचं होतं, आणि तुम्ही गेलात.

हे मी मराठीत लिहितेय, तुम्हीच पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरांत. माझ्या मुलांना बोललेलं कळतं, वाचता येत नाही, म्हणून कागद घरात कुठेही राहिला तरी चालेल. आणि म्हणून पुढचंही लिहिते. आई पापनाशमला गेली त्याच आठवड्यात तुम्ही मला ओट्यावर बोलावलं होतंत. मी बारा वर्षांची होते. आई मला शिकवायची तेव्हा तारांनी माझी बोटं कापायची, आणि वीणा बिघडली तेव्हा सुटले म्हणून मला आनंद झाला होता. तुम्ही विचारलंत, "तुला वीणा शिकायची आहे का? खरं सांग. शिकणार असलीस तर उद्या ती आसारींकडे नेतो." मी म्हणाले, मला नको. मग तुम्ही उठलात आणि करवत काढलीत.

आईला हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मीही नाही.