आडवाटेच्या चाली

अहो,

आज अमरावतीला आयुष्यात पहिल्यांदा बुद्धिबळाच्या स्पर्धेतले दोन डाव खेळून आले. तुमच्या ताईंच्या घरी बसले आहे. संध्याकाळचे सहा वाजलेत, आणि उद्याच्या शेवटच्या फेरीची फार भीती वाटतेय. नणंदेला कसं सांगू? म्हणून तुम्हालाच लिहिते.

मला न विचारता या स्पर्धेच्या फॉर्मवर माझंही नाव टाकलंत आणि पुढच्याच महिन्यात देवाघरी गेलात. परवा तुमच्या मित्राचा, वानखड्यांचा फोन आला. "वैनी, तुमचं नाव यादीत हाये. ठेवू का कापू?" मी ठेवा म्हणाले. तेव्हापासून धड जेवण गेलेलं नाही.

निवृत्तीनंतर अकोल्याच्या घरात रोज दुपारी तुम्ही मला पटासमोर बसवायचात. लोक राजासमोरचं प्यादं पुढे काढतात, तुम्ही घोड्यासमोरचं काढायचात. समोरच्याचं सगळं पाठांतर पहिल्याच चालीला वाया! पण माझं काय? मला नुसत्या आडवाटा ठाऊक, हमरस्ता एकही नाही. असं कुणी शिकवतं का हो?

पहिल्या डावात समोर कॉलेजातली मुलगी होती. मी घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं सरकवलं. तिला वाटलं, चुकून हात लागला. नाही म्हटल्यावर पंधरा मिनिटं नुसती पटाकडे बघत बसली. मी माझे हात पदराखाली धरून ठेवले. शेवटी तिनं डाव सोडला. मला आनंदही झाला नाही. पोरीला फसवल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या डावात एक निवृत्त बँक मॅनेजर होते. मी काळ्याकडून हत्तीसमोरचं प्यादं एक घर सरकवलं, तर ते हसले. या चालीवर तुमच्याकडून तीनदा हरलेले म्हणे, आता उत्तर पाठ करून आलेले. सातव्या चालीला त्यांनी घोडा अशा घरात आणला, जिथे तुम्ही कधीच आणला नव्हता. घरी अडले की तुमच्या तोंडाकडे पाहायचे. इथे कोण होतं? तासभर एकटीनं डोकं चालवलं आणि हरले.

मोहरी आवरताना ते हळूच म्हणाले, "साहेब लय घाबरायचे, वैनी. डावाआधी तीन-तीनदा हात धुऊन यायचे. मले म्हणायचे, पुस्तकातलं ध्यानात राहत नाही, म्हणून समोरच्याले बी रानात नेतो."

तुम्ही? तुम्ही तर पट काखेत मारून शीळ घालत घरी यायचात! मला एकदाही काहून सांगितलं नाही? आणि मी तरी काय केलं? डबा भरून दिला की माझं काम संपलं. एकदा सोबत आले असते, तर माझ्या डोळ्यांना दिसलं असतं.

उद्या समोर गेल्या वर्षीचा विजेता आहे. ताई म्हणतात, नको जाऊस, बीपी वाढेल. पण जाणार आहे. पहिली चाल तुमचीच खेळेन, पुढचं माझं मी बघेन. आणि संध्याकाळी पुण्याहून आपल्या मुक्ताचा फोन आला, की हरले-जिंकले सांगण्याआधी तिला सांगेन, आई खूप घाबरली होती गं, आणि तुझे बाबासुद्धा घाबरायचे. हे तिच्यापासून लपवणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची,
शालिनी