आईचा स्वेटर

दादा,

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू फक्त शुद्धलेखन तपासशील.

आईच्या शोकसभेत तू छातीठोकपणे म्हणालास, "शेत बाबांनी एकट्यानं उभं केलं. आई बिचारी घरीच असायची." माझं डोकंच फिरलं. मग पेरणी, खुरपणी, गोठा कोण बघत होतं, तुझा सासरा?

आज सकाळी बाबा धार काढायला बसले, तर गाय पान्हाच सोडेना. लाथ मारून तिनं बादली उडवली. शेवटी त्यांनी आईचा जुना स्वेटर अंगात घातला, तेव्हा कुठे दूध आलं.

एकट्यानं शेत उभं करणाऱ्या त्या माणसानं मग मान खाली घालून मला विचारलं, "आई हिला काय म्हणून हाक मारायची गं?"

सांग, तुला तरी माहीत आहे?

अजून धुमसणारी,
तुझी धाकटी