चौकटीची बहिरी बाजू

सोमवार, ६ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, बाबा आहेत तसेच आहेत. फोन त्यांच्या उशाशी असतो आणि मला जे विचारायचंय ते त्यांच्यासमोर विचारता येत नाही, म्हणून हा लेखनाचा उद्योग.

दादा, तू रागावलायस का? चार रविवार झाले, सकाळी सातला बाबा इयरफोन लावतात आणि अर्ध्या तासाने मुकाट काढून ठेवतात. तुझं मोर्सचं कट्ट-कडकट्ट काही येत नाही. मी विचारलं तर म्हणाले, कामात असेल. चहा तसाच गार होतो. एकोणीस वर्षं दर रविवारी रेडिओवरून हाक मारणाऱ्या माणसाला नेमकं आत्ताच काम निघावं? खुब्याचं हाड मोडून ते अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, फार दिवस धरून चालू नका. तू गप्प झालास असं वाटत ते जायला नकोत. तुला जमत नसेल तर तसं कळव, मी त्यांना काहीतरी थाप मारीन.

वहिनीला नमस्कार, तिच्याबद्दल तक्रार नाही. लोभ आहेच, पण सध्या त्याची परीक्षा पाहू नकोस.

तुझी,
ठकी


शुक्रवार, १० नोव्हेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, मी एकही रविवार चुकवलेला नाही! ठरल्या वेळी, ठरल्या लांब लहरीवर, सावकाश, तीन-तीनदा. बाबांचं सोमवारचं कार्ड येईना. त्यावर एकच शब्द असायचा, ‘ऐकलं’. मला वाटलं, पडल्यापासून हात चालत नसेल. तुझं पत्र आल्यापासून मी गच्चीवरची तार दोनदा उतरवून पाहिली, वेटोळं सोडून पुन्हा गुंडाळलं. तुझी वहिनी म्हणते, याच्यापेक्षा कबुतरं पाळली असतीत तर बरं झालं असतं.

बाबांच्या रेडिओची ती एरियलची चौकट अजून धड आहे ना? बाबांच्या उंचीची लाकडी फुली आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचे चाळीस वेढे. आई तिला कपडे वाळत घालायची घोडी म्हणायची आणि खरोखरच एकदा तिने तिच्यावर पंचे वाळत घातले होते. वेढे मोजायचं काम तुझ्याकडे होतं. तू सत्तावीसनंतर थेट एकोणतीस म्हणालीस आणि सगळी तार उसवावी लागली. बाबा केवढे ओरडले होते! तेव्हापासून फिरवायचं काम माझं. ते कान देऊन बसायचे, मी तसूतसूने चौकट फिरवायचो, आवाज सापडला की त्यांचं बोट वर. बोट वर म्हणजे थांब. ठके, त्या बोटासाठी मी खेळ सोडून यायचो.

घरात नवीन काय आलंय ते नीट आठवून लिही. नवी लिफ्ट, दिवा, शेजाऱ्यांचं एखादं यंत्र, काहीही. गोंगाटात मी बुडत असेन.

बाबांना सा. न. रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा


मंगळवार, १४ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझी माफी मागते. उगीच तोंडसुख घेतलं.

नवीन काही नाही रे. लिफ्ट तीच, कुरकुरणारी. फक्त महिन्यापूर्वी बाबांचा पलंग पुढच्या खोलीत आणला, आणि चौकट मीच उचलून आणली. तू त्या बोटाबद्दल लिहिलंस म्हणून सांगते, मला तुझा फार हेवा वाटायचा. मी दाराआडून बघायची. म्हणून या वेळी सगळं जिवापाड केलं. लाकडाला तेल लावलं, तार एकेक वेढा धरून पुसली (चाळीसच आहेत, मोजले). मग नकाशा पसरला, होकायंत्र ठेवलं आणि चौकट बरोबर तुझ्या गावाकडे तोंड करून उभी केली, एक अंशही इकडेतिकडे नाही. हलू नये म्हणून पायाला स्क्रूही मारले. बाबा पलंगावरून बघत होते. छान झालं, म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं.

तेव्हा माझ्याकडून कसूर नाही. तूच शोध. माया होती तेवढीच दाट आहे.

तुझी,
ठकी


शनिवार, १८ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सापडलं! हसू का रडू कळत नाही. मी इथे गच्चीवर चढतोय, म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

वेडे, चौकट म्हणजे खिडकी नव्हे. ती कडेने ऐकते. तोंडासमोरून आणि पाठीमागून येणारं तिला ऐकूच येत नाही. तू तिची बहिरी बाजू बरोबर माझ्यावर रोखलीस. जरा गबाळेपणा केला असतास तर मी ऐकू आलो असतो! स्क्रू काढ, पाव वळसा दे आणि कड माझ्याकडे कर.

पण एक कोडं आहे. हे मला बाबांनीच शिकवलंय. पलंगावरून त्यांना चूक दिसली नसेल हे शक्य नाही. मग मूग गिळून का बसले? विचार त्यांना. उशीर करू नकोस, आणि या वेड्या भावाला पदरात घेत राहा.

तुझा,
दादा


रविवार, २६ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज सातला स्क्रू काढले. बाबांनी इयरफोन लावला आणि मला चौकट फिरवायची खूण केली. मी तसूतसूने फिरवत गेले. आणि दादा, बाबांचं बोट वर झालं! डोळे मिटून ते तुला ऐकत होते आणि दुसऱ्या हाताने पांघरुणावर तुझी अक्षरं वाजवत होते. चहा गरम असताना प्यायले.

मग विचारलं. म्हणाले, पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तू ऐटीत उभी होतीस, तुला कुणी सांगायचं? सत्तावीसच्या पुढे एकदा ओरडलो, तर पोर चाळीस वर्षं चौकटीकडे फिरकली नाही. दादा काय, ऐकू येवो न येवो, तिकडून पाठवतच असणार.

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. सहा रविवार ते माझ्यासाठी नुसती खरखर ऐकत बसले होते रे.

पुढच्या रविवारी वेळेवर ये. लोभ वाढलाय, आता तूच आवर.

तुझी,
ठकी

ता. क. सोबत बाबांचं कार्ड. स्वतः लिहिलंय, अक्षर लागणार नाही म्हणून उतरवून देते: ‘ऐकलं. चौकट ठकीने फिरवली.’