मला कुठेही दुखत नाही

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळी सात.
बर्फावरून परत आलो. स्नोबोर्डिंग जमलं. अकरा वेळा पडलो. शिकवणारी बाई एकोणीस म्हणते, पण उठता उठता परत पडलं तर ते वेगळं पडणं धरत नाहीत. मी वजनकाटे तपासणारा सरकारी निरीक्षक आहे. मोजायचं कसं, हे मला कुणी शिकवू नये. शिवाय माझा बोर्ड डावीकडे ओढत होता. उपकरणात दोष.

ही तीनदा पडली आणि चौथ्यांदा थेट खालपर्यंत घसरत गेली. बाईने टाळ्या वाजवल्या. बायकोचं कौतुक ऐकून मला आनंदच झाला. फक्त तेव्हा मी पालथा होतो.

जाण्याचं कारण नोंदवून ठेवतो. हिच्या औषधांच्या दुकानवाल्यांना त्या बर्फाळ गावात नवं दुकान काढायचंय आणि दोन वर्षं ते हिने चालवावं असं त्यांचं म्हणणं आहे. शनिवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं. हिची अट अशी, की गेलो तर दोघं जाऊ, आणि तेही तुम्हाला तिथलं झेपत असेल तर. म्हटलं, झेपतं म्हणजे काय, दाखवतोच. माझी बदली होईल. काटे तिथेही आहेतच.

गाडीतून उतरताना अंग जरा आखडलं होतं. सीटच तसली.

सोमवार, १३ जानेवारी. सकाळी ६.४०.
उठता येत नाही. म्हणजे येतं, पण आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कपाटाची कड धरायची. तीन टप्पे. पूर्वी हे सगळं एकदम व्हायचं, त्यात घाई होती.

हिने विचारलं, दुखतंय का? म्हटलं, छे. ती म्हणाली, बर्फावर जाऊन आलेली माणसं दर सोमवारी काउंटरवर येतात, फळीसारखी ताठ. सगळ्यांना ती एकच सांगते: पडून राहू नका, हळूहळू चाला, गरम पाण्याने अंघोळ करा, पाणी प्या, चार दिवसांत जातं. मग म्हणाली, चला ना माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत, वीस मिनिटांचं तर आहे. मी म्हटलं, मला उशीर होतोय. नवऱ्याला गिऱ्हाईक समजते.

दुखणं दहापैकी आठ. पण आमच्या कामात रिकाम्या पारड्याचंही वजन असतं, ते वजा करूनच माल मोजतात. एकावन्न वर्षांच्या माणसाचं काहीतरी मुळातच दुखत असणार. ते चार धरलं. निव्वळ दुखणं चार. काळजीचं कारण नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. रात्री जेवणाआधी.
आज नऊ. पण कालचे आठ शून्य धरले की आज फक्त एक. झपाट्याने सुधारणा.

मलम हवं होतं. हिच्या दुकानातून घेणं शक्य नाही. म्हणून मागच्या रस्त्यावरच्या केमिस्टकडे गेलो. टक्कल पडलेला, फार चौकस माणूस. म्हटलं, मित्रासाठी हवंय. मित्राचं वय किती, दुखतं कुठे, सूज आहे का, सगळं विचारलं. मित्राच्या वतीने मांड्या, पिंढऱ्या, ढुंगण, पोट, मान आणि दोन्ही मनगटं सांगितली. तो म्हणाला, मित्राला थोडं चालायला सांगा. हे सगळे एकाच पुस्तकातून पाठ करून आलेले दिसतात. निघताना म्हणाला, वहिनींना नमस्कार सांगा. मी सांगितला नाही.

मलम चोळलं आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. दुप्पट उपाय, अर्धा वेळ, असा हिशेब होता. पाच मिनिटांत मांड्या पेटल्या. टबात बसलो आणि नळ सोडला. हिने बाहेरून विचारलं, काय झालं, बरे आहात ना? म्हटलं, गाणं म्हणतोय. ती दाराशी बराच वेळ उभी होती. सावली दिसत होती.

जेवताना तिने नाक जरा वर केलं. म्हटलं, ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कारकुनाची पाठ धरलीय, दिवसभर मलम चोळत असतो, त्याचाच वास. तिने खिडकी उघडली.

बुधवार, १५ जानेवारी.
जिना उलटा उतरायचा. तोंड भिंतीकडे, कठडा धरून. गुडघ्यांवर ताण येत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने शिकण्यासारखं आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, वर काही विसरलात का?

आज गोदामातला मोठा काटा तपासायचा होता. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं एकेक करून त्यावर ठेवायची असतात. हे काम निरीक्षकाने स्वतः करायचं, बावीस वर्षं करतोय. आज मात्र आमच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, साहेब, मी ठेवतो, तुम्ही आकडे लिहा. त्याला शिकायची आवड आहे, म्हणून ठेवू दिली. तो साठीचा आहे.

वजनं उतरवून झाल्यावर काट्याच्या फळीवर क्षणभर टेकलो आणि मग उठायचं राहून गेलं. दहा मिनिटं ८१.४ दाखवत होता, एकदाही हलला नाही. काटा उत्तम आहे. गोदामवाला आणि ड्रायव्हर दोघांनी मिळून मला काखेत धरून उठवलं आणि मग मी शिक्का मारला. उठवताना दोघं एकमेकांकडे बघत होते. असल्या बघण्याची मला चीड आहे.

संध्याकाळी हिने परत विचारलं, चालायला येता? म्हटलं, रिपोर्ट लिहायचाय. एकटी गेली. येताना गाल लाल झालेले, खूश. लोक खूश कशाने होतात, कोण जाणे.

गुरुवार, १६ जानेवारी.
निश्चय. आता सौम्य उपाय पुरेत. शरीराला धाक हवा. आज पन्नास उठाबशा.

(नंतर) तीन झाल्या. तिसरी बसेपर्यंत झाली, उठायची राहिली. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाऊण तास होतो. ही कामावरून आली तेव्हाही तिथेच. म्हटलं, सिंकखालचा पाइप गळतोय, बघत होतो.

तिने पर्स ठेवली आणि येऊन माझ्या शेजारी फरशीवर बसली. खांद्याला खांदा लावून. हळूच विचारलं, फार दुखतंय का हो? आवाज असा होता, की एक क्षण मला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्हाला तिथलं झेपणार नाही, आणि माझ्यापायी तिचं दुकान गेलं असतं. मी तिच्या भल्याचा विचार केला. म्हणून वॉशर कसा झिजतो हे समजावून सांगितलं. तिने सिंकखाली हात घालून पाहिला. कोरडं होतं. मग उठली. हात न टेकता उठली, हे मुद्दाम लिहितो.

शुक्रवार, १७ जानेवारी.
केमिस्ट लोकांची महिन्याची मीटिंग असते, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं. टकल्याने हिला सगळ्यांदेखत विचारलं, मिस्टरांचे मित्र आता कसे आहेत?

हे सांगताना ती आधी हसली. खूप हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पाणी तसंच राहिलं आणि हसू गेलं. म्हणाली, सहा वर्षांपूर्वी तुमचं अपेंडिक्स फुटलं, तेही मला हॉस्पिटलातून फोन आल्यावर कळलं. सकाळीच विचारलं होतं तुम्हाला. सोमवारपासून सात वेळा विचारलंय. मी म्हटलं, पाच वेळा. बाथरूमच्या दारातून विचारलं ते आणि चालायला येता का ते यात धरता येत नाही.

मग ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मुद्दा तिला पटला असावा.

शनिवार, १८ जानेवारी. दुपारी एक.
हिने सकाळी फोन करून होकार दिला. एकटीचा.

फोन ठेवल्यावर मला समोर बसवून सांगितलं. तिथे रोज सकाळी दारासमोरचा बर्फ उपसावा लागणार, रस्ते निसरडे, कोणी ना कोणी पडणारच. पडायला माझी हरकत नाही, म्हणाली. तुम्ही पडलात हे मला परक्या दुकानदाराकडून कळणार असेल तर मी एकटीच बरी. चोवीस वर्षं बंद दारावर टकटक करतेय, आता हात दुखतो. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मी म्हटलं, निर्णय चांगला आहे. माझ्या बदलीची कटकट वाचली. दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत. नवराबायकोत सोयीसाठी अशा व्यवस्था हल्ली बऱ्याच जण करतात. शिवाय तिला चार महिन्यांत कंटाळा येईल. तीनही पुरतील.

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ.
टॅक्सी आठला आली. दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं. मी वाकलो तर ही म्हणाली, राहू द्या, आणि टॅक्सीवाल्याने तिन्ही नेली.

बूट घालता घालता तिने विचारलं, मी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला? खरं सांगा, अजून फोन करता येईल. खाली हॉर्न वाजत होता. मला वाटत होतं. दोन आठवडे दुसरं काहीच वाटत नव्हतं. ती जायला नको होती मला. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

तिला म्हटलं, छे, उलट मला जरा मोकळा वेळ मिळेल.

तिचा एक बूट घातलेला, एक हातात. मग बरं म्हणाली.

टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. तीन मजले उतरलो, तीन मजले चढून आलो. सरळ, कठडा न धरता. मांड्या, पिंढऱ्या, कंबर, कुठेही काही नाही. आज पहिल्यांदा हे खरं होतं, आणि विचारायला घरात कोणी नव्हतं.